जर्मनीला शिकायला जाताय? खोलीचं डिपॉझिट पाठवण्याआधी हे तपासा

जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, व्हिसा लागला, तिकीट निघालं, की घरात एकच प्रश्न उरतो. पोरगं उतरून राहणार कुठं? याच घाईवर भामटे टपून बसलेले असतात. मोबाइलवर खोलीचे छान फोटो येतात. घरमालक गोड बोलतो. 'अजून चार जण मागं लागलेत, डिपॉझिट आजच पाठवा' असं सांगतो. पैसे पोचले की नंबर बंद होतो. मुलगा बॅगा घेऊन त्या पत्त्यावर जातो, तेव्हा तिथं भलतंच कुटुंब राहत असतं, नाहीतर त्या नंबरचं घरच नसतं.

आपल्याकडं सातबारा बघितल्याशिवाय आणि बांधावर उभं राहिल्याशिवाय कुणी जमिनीचा इसार देत नाही. परदेशातल्या खोलीलाही तोच नियम लावायचा. खोली कुणीतरी बघितली पाहिजे आणि करार हातात पाहिजे, तोवर पैसा हलवायचा नाही. मुलगा इथं आणि खोली तिथं असताना हे कसं करायचं, त्याची माहिती खाली दिली आहे.

पैसे नेमके कधी अडकतात?

जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही, म्हणून गावाकडची मुलंही आता तिकडं जातात. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे 11,904 युरो ब्लॉक खात्यात भरावे लागतात. एक युरो ढोबळ 100 रुपये धरला, तर ही रक्कम 12 लाखांच्या आसपास जाते. पण हे पैसे मुलगा तिथं पोचून खातं चालू झाल्यावर, दर महिन्याला 992 युरो असेच सुटतात. म्हणजे इथून निघण्याआधी कुणी डिपॉझिट मागितलं, तर ते घरच्या खात्यातून वेगळं पाठवावं लागतं. कर्जातून, सोनं तारण ठेवून किंवा उसाच्या बिलातून उभा केलेला हाच पैसा धोक्यात येतो.

हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं आणि हजारो विद्यार्थी एकाच वेळी खोली शोधतात. म्युनिकमध्ये तर शेअर फ्लॅटमधल्या एका खोलीचं भाडं 700 ते 800 युरोच्या घरात गेलं आहे. अशा शहरात कुणी 350 युरोत फर्निचरसकट अख्खा फ्लॅट देतो म्हणाला, तर आधी शंका घ्यायची.

फसवणूक कशी होते?

पद्धती थोड्याच आहेत. एकदा कळल्या की ओळखता येतात.

पहिली, परगावचा मालक. 'मी नोकरीसाठी लंडनला असतो, खोली दाखवायला येऊ शकत नाही. डिपॉझिट भरा, चावी कुरिअरनं पाठवतो.' चावी कधीच येत नाही.

दुसरी, खोटी लिंक. 'पैसे मला नका देऊ, अमुक प्रसिद्ध बुकिंग कंपनीकडं भरा, पसंत पडलं तरच मला मिळतील.' ऐकायला बरं वाटतं, पण मालकानं पाठवलेली लिंक त्या कंपनीची नसते. तिच्यासारखं हुबेहूब दिसणारं खोटं पान असतं.

तिसरी, खरी खोली पण खोटा मालक. भामटा चार दिवसांसाठी फ्लॅट भाड्यानं घेतो, आलेल्यांना खोली दाखवतो, पाच-सहा जणांकडून डिपॉझिट घेतो आणि पसार होतो. म्हणून नुसती खोली बघून भागत नाही. ती दाखवणारा कोण, हेही बघावं लागतं.

चौथी, कागदपत्रांची चोरी. मालक स्वतःच्या पासपोर्टचा फोटो आधीच पाठवतो आणि तुमचाही मागतो. त्यानं पाठवलेला पासपोर्ट बहुतेक वेळा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो. तुम्ही पाठवलेला पुढच्या माणसाला फसवायला वापरला जातो.

जर्मनीचा कायदा काय सांगतो?

तिथला भाड्याचा कायदा भाडेकरूच्या बाजूनं बऱ्यापैकी भक्कम आहे. पुढचे मुद्दे मुलानं आणि घरच्यांनीही पाठ करून ठेवावेत.

डिपॉझिटला जर्मनमध्ये 'काउत्सिओन' म्हणतात. ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकंच घेता येतं. मूळ भाडं म्हणजे 'काल्टमीटे'. त्यात हीटर, पाणी वगैरे खर्च मिळवला की होतं 'वार्ममीटे'. मूळ भाडं 400 युरो असेल, तर डिपॉझिट 1,200 युरोच्या वर मागता येत नाही.

हे डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. म्हणजे करार व्हायच्या आधीच 'सगळी रक्कम आजच्या आज' असा हट्ट धरणारा माणूस कायद्याच्या उलट बोलतोय.

मधे दलाल असेल, तर 1 जून 2015 पासून दलालाला ज्यानं काम सांगितलं त्यानंच दलाली द्यायची, असा नियम आहे. मालकानं लावलेल्या दलालानं मुलाकडं पैसे मागायचे नाहीत. खोली नुसती दाखवण्यासाठी कुणी फी मागत असेल, तर तिथूनच मागं फिरावं.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत शहर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला दाखला लागतो. पुढची बरीच सरकारी कामं या नोंदीवर अवलंबून असतात. त्यामुळं 'इथं नोंद करता येणार नाही' म्हणणाऱ्याची खोली घेऊ नये. अर्थात भामटाही 'नोंद होईल' म्हणू शकतो, त्यामुळं नुसत्या होकारावर विसंबू नये. आणि 'खोली नाही, फक्त नोंदीपुरता पत्ता विकत देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी तर लागूच नये. खोटी नोंद हा तिथं दंडाचा गुन्हा आहे.

सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात आधी विद्यार्थी वसतिगृह. जर्मनीत 'श्टुडिरेंडेनवेर्क' नावाच्या संस्था विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं चालवतात. भाडं शहराप्रमाणं साधारण 250 ते 400 युरो असतं. मोठ्या शहरांत वेटिंग लांबलचक असतं, म्हणून प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात अर्ज टाकावा. व्हिसाची वाट बघत बसू नये.

एक गोष्ट इथं नीट समजून घ्यावी. वसतिगृहाचं डिपॉझिट मुलगा पोचायच्या आधी मागितलं जाऊ शकतं आणि ते खरं असतं. फरक कसा ओळखायचा? संस्थेच्या अधिकृत साइटवर जो फोन किंवा ईमेल दिला आहे, त्यावर स्वतः संपर्क करून पत्र आणि खाते क्रमांक खरा आहे का ते विचारायचं. आलेल्या ईमेलमधल्याच नंबरवर फोन करून खात्री होत नाही. तो नंबर भामट्याचाही असू शकतो.

दुसरा मार्ग शेअर फ्लॅटचा. तीन-चार जण मिळून फ्लॅट घेतात, त्याला तिकडं 'वेगे' म्हणतात. 'वेगे-गेझूख्ट' ही त्यासाठीची मोठी साइट आहे. साइट खरी आहे, पण जाहिरात कुणीही टाकू शकतो, म्हणून प्रत्येक जाहिरात वेगळी तपासावी. भाडेकरूच जर पुढं खोली भाड्यानं देत असेल, तर मूळ मालकाची लेखी परवानगी मागावी.

तिसरा मार्ग इथल्या कन्सल्टन्सीचा. त्यांनी राहायची सोय करून देतो म्हटलं, तर करार मुलाच्या नावावर आहे का, त्यात खोलीचा पूर्ण पत्ता आहे का, भरलेल्या पैशांची पावती मिळते का, हे बघावं. 'तिथं गेल्यावर कळेल' हे उत्तर चालवून घेऊ नये.

घरबसल्या मोबाइलवर काय तपासता येतं?

फोटो: जाहिरातीतले फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या हॉटेलचा किंवा फर्निचरच्या दुकानाचा निघाला, तर विषय संपला. भिंतीवरचे विजेचे सॉकेटही बघा. जर्मनीत सॉकेट गोल, खोलगट आणि दोन भोकांचं असतं. फोटोत चौकोनी तीन भोकांचं इंग्लंडसारखं सॉकेट दिसलं, तर फोटो दुसरीकडचा आहे.

पत्ता: जर्मनीचा पिनकोड पाच आकडी असतो. रस्ता, घर नंबर आणि पिनकोड गूगल मॅपवर जुळतात का बघा. काही घरं स्ट्रीट व्ह्यूमध्ये पुसट दिसतात. मालकांनी तशी मागणी केलेली असते, त्यामुळं तेवढ्यावरून शंका घेऊ नये.

व्हिडिओ कॉल: आधी केलेला व्हिडिओ नको, थेट कॉल हवा. नळ सोडायला सांगा, खिडकीतून रस्ता दाखवायला सांगा. मग खाली मुख्य दारापाशी जाऊन बेलवरची नावं दाखवायला सांगा. जर्मनीत बेलवर फ्लॅट नंबर नसतो, बहुतेक ठिकाणी आडनावं असतात. करारातलं नाव आणि बेलवरचं नाव जुळत नसेल, तर का ते विचारा. खरा माणूस कारण सांगतो, भामटा चिडतो.

माणूस: एवढं करूनही कुणीतरी प्रत्यक्ष खोली बघून येणं सगळ्यात चांगलं. त्याच कॉलेजचा सीनियर, विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, मोठ्या शहरांतली मराठी मंडळं, यांच्याकडं विचारायला लाजू नये. कार्यालय खोली बघायला जाणार नाही, पण जाहिरात संशयास्पद आहे का ते सांगू शकतं.

पैसे पाठवायचेच असतील तर

जर्मन बँक खात्याचा आयबॅन नंबर 'डीई' या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढं 20 अंक असतात. खोली जर्मनीत आणि खातं तिसऱ्याच देशात असेल, तर थांबा आणि कारण विचारा. खातेदाराचं नाव करारातल्या मालकाच्या नावाशी जुळलंच पाहिजे. पैसे बँकेतूनच पाठवा, म्हणजे निदान माग राहतो. वेस्टर्न युनियन, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा 'इथं भारतात माझ्या मित्राला यूपीआय करा' असं कुणी म्हटलं, तर व्यवहार तिथंच तोडा.

पासपोर्टची प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं 'फक्त या पत्त्याच्या भाडेकरारासाठी' आणि तारीख लिहून मग पाठवा.

खोली मिळालीच नाही तर?

खोलीशिवाय पोराला पाठवायचं कसं, या भीतीनंच पैसे जातात. पण हिशेब करून बघा. युवा हॉस्टेलमधल्या बेडला दिवसाला 30 ते 40 युरो धरले, तरी 15 दिवसांचे 450 ते 600 युरो होतात. तेवढ्या दिवसांत मुलगा स्वतः फिरून खोल्या बघू शकतो. उलट खोट्या मालकाला दिलेले 1,500 युरो म्हणजे दीड लाख रुपये, एका चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत, आणि खोली नाहीच. मात्र म्युनिकला जाणाऱ्यांनी हॉस्टेल फार आधी बुक करावं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथं ऑक्टोबरफेस्टची जत्रा असते, बेड मिळत नाहीत आणि दर चढतात.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी

नियम वेगळे, सावधगिरी तीच. इंग्लंडमध्ये साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. नेहमीच्या भाडेकरारात मालकानं ते 30 दिवसांत सरकारमान्य ठेव योजनेत जमा करायचं असतं. घर कुणाच्या नावावर आहे ते तिथल्या जमीन नोंदणी कार्यालयाच्या साइटवर थोडी फी भरून बघता येतं, आपल्या सातबाऱ्यासारखंच.

फसवणूक झालीच तर

पहिला फोन बँकेला करा. पाठवलेली रक्कम परत बोलावण्याची विनंती, म्हणजे रिकॉल, लगेच द्या. पैसे मिळतीलच असं नाही, पण जितका उशीर तितकी आशा कमी. दुसरा फोन 1930 या सायबर हेल्पलाइनला करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जर्मनीत त्या-त्या राज्याच्या पोलिसांकडं ऑनलाइन तक्रार करता येते. चॅट, जाहिरात, खाते क्रमांक, पावती यांतलं काहीही डिलीट करू नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा. साइटलाही कळवा, म्हणजे ती जाहिरात निघेल आणि दुसऱ्याचं पोर वाचेल.

बरीच मुलं घरच्यांच्या भीतीनं दोन-चार दिवस गप्प बसतात आणि तेच दिवस महत्त्वाचे असतात. म्हणून जाण्याआधीच घरच्यांनी सांगून ठेवावं, की असं काही झालं तर रागवणार नाही, आधी फोन कर.

फोनमध्ये जपून ठेवा

1. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आल्याबरोबर.
2. फोटो गूगल लेन्सवर, पत्ता मॅपवर.
3. थेट व्हिडिओ कॉल, दारावरच्या बेलसकट.
4. ओळखीच्या कुणीतरी खोली प्रत्यक्ष बघितलेली.
5. करारात मालकाचं नाव, पूर्ण पत्ता, मूळ भाडं, डिपॉझिट, तारखा आणि सही.
6. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याच्या आत.
7. पत्त्याच्या नोंदीसाठी दाखला देण्याची लेखी कबुली.
8. खातेदार आणि मालक एकच.
9. चावी घेताना खोलीचे फोटो, मोडतोड असेल तर लिहून दोघांच्या सह्या. खोली सोडताना डिपॉझिट परत मिळवायला हाच कागद उपयोगी पडतो.