जोसेफ स्मिथ यांना नेमक्या किती बायका होत्या? मॉर्मन पंथातला न मिटलेला वाद

'माझ्यावर सात बायका केल्याचा आरोप होतोय, मला तर एकच दिसते,' अशा अर्थाचं विधान मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 26 मे 1844 रोजी अमेरिकेतल्या नॉवू शहरात भर सभेत केलं. ती एक म्हणजे एमा. प्रत्यक्षात तोवर त्यांची तीसहून अधिक लग्नं गुपचूप लागली होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात.

पुढच्याच महिन्यात 'नॉवू एक्स्पॉझिटर' या वृत्तपत्राने हे बिंग फोडलं. स्मिथ तेव्हा शहराचे महापौरही होते. त्यांनी छापखानाच मोडायला लावला. त्यातून अटक झाली आणि 27 जूनला तुरुंगात घुसलेल्या जमावाने त्यांना गोळ्या घातल्या.

1852 मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखालच्या चर्चने युटामध्ये बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलं. एमा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, की नवऱ्याला दुसरी बायको नव्हतीच. मुलांनीही वेगळ्या शाखेतून तीच बाजू लढवली. त्यावर उत्तर म्हणून युटाच्या चर्चने 1869 च्या सुमारास स्मिथ यांच्याशी लग्न झाल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांची शपथपत्रं गोळा केली.

1890 मध्ये चर्चने ही प्रथा बंद केल्याचं जाहीर केलं, तरी पुढची काही वर्षं काही नेत्यांच्या संमतीने अशी लग्नं लागतच होती. 2014 मध्ये चर्चने स्मिथ यांची अनेक लग्नं स्वतःच्या लेखात मान्य केली. त्यातल्या एका वधूचा पंधरावा वाढदिवस अजून काही महिने दूर होता.

तरीही काही श्रद्धाळूंच्या मते हे सगळं यंग यांचं कारस्थान. तसं मानायचं, तर शपथेवर बोललेल्या त्या सगळ्या स्त्रियांना खोटं ठरवावं लागतं.