वेताळाचे चित्र कोणी काढले?

आमच्यातले जे शिक्षक अकोल्यात किंवा अमरावतीत लहानाचे मोठे झाले, त्यांच्या गप्पांत एक आठवण हमखास निघते. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर एकाच दोरीला दोन वेताळ टांगलेले असत. एक ‘चांदोबा’तला, राजा विक्रमाच्या खांद्यावरचा. दुसरा ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला, अंगाला घट्ट बसणारा जांभळा पोशाख घालून घोड्यावर बसलेला. नाव एकच, पण चित्रे दोन, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

सुट्टीत खेड्यावर गेले की तिसराच प्रकार भेटे. पिंपळावरचा मुंजा, विहिरीजवळची हाडळ, रात्री वाट चुकवणारा चकवा. यांचे चित्र कोणी काढलेले नव्हते. गंमत म्हणजे दोन्ही वेताळ आम्ही उशाशी घेऊन झोपत असू. पिंपळाखालून जाताना मात्र पळत सुटत असू. असे का होत असावे, हे समजून घ्यायचे तर या चित्रांचा इतिहास पाहावा लागतो.

वेताळाची कथा फार जुनी. गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली आणि तो सातवाहन राजाच्या दरबारी होता, असे परंपरा सांगते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. स्मशानातल्या शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत त्याला उचलून आणायचे असते. त्या प्रेतात वेताळ असतो. वाटेत तो गोष्ट सांगतो आणि शेवटी एक पेच टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोके फुटणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कथेतल्या वेताळाला स्वतःचे शरीर नाही. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. मग त्याचे चित्र काढायचे कसे? हा प्रश्न शेवटी चित्रकारालाच सोडवावा लागला.

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै १९४७ मध्ये ‘चंदामामा’ सुरू केले, ते आधी तेलुगू आणि तमिळमध्ये. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली आला. त्याच वर्षी शंकर या नावाने चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन तिथे नोकरीला लागले. त्यांचा जन्म १९२४ चा, शिक्षण मद्रासच्या सरकारी कलाशाळेत. विक्रम-वेताळाचे आज सर्वांना आठवणारे चित्र त्यांचे. अंधारे रान, उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि तरीही दमदार पाऊल टाकत चाललेला राजा. मूळ पंचवीस कथा संपल्यावर त्याच चौकटीत नव्या कथा रचून घालण्यात आल्या, आणि हे सदर पुढे कित्येक वर्षे चालले. अंक निरनिराळ्या भाषांत निघत, पण चित्रे तीच असत. त्यामुळे अकोल्याच्या मुलाच्या आणि मद्रासच्या मुलाच्या मनातला वेताळ एकाच हाताने काढलेला होता. २०२० साली शंकर यांचे निधन झाले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. ‘चांदोबा’ आता निघत नाही.

वेताळाने प्रेताचा आकार घेतला, पण राक्षसांचे काय? १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना आणि १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. त्यांच्या शिळाछापाच्या रंगीत चित्रांतून देव घराघरांत पोचले आणि देवांच्या पायाखालचे असुरही त्यांच्याबरोबर आले. पुढे कॅलेंडरांनी आणि मासिकांनी तोच साचा उचलला. हा साचा नीट न्याहाळला तर त्यात नवे असे काहीच सापडत नाही. शिंगे रेड्याची, सुळे वाघाचे किंवा रानडुकराचे, नखे अस्वलाची, मिशा मात्र माणसाच्या. कितीही कल्पक चित्रकार असला तरी पाहिलेल्या प्राण्यांचे तुकडे जोडूनच तो राक्षस घडवतो.

तुकड्यांची ही जोडणी जीवशास्त्राला पटते का? फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए (१७६९–१८३२) यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. एका विद्यार्थ्याने सैतानाचे सोंग घेऊन रात्री त्यांना उठवले आणि ‘तुला खातो’ असे धमकावले. क्यूव्हिएंनी त्याला आपादमस्तक पाहिले. डोक्यावर शिंगे आणि पायाला खूर, म्हणजे हा प्राणी गवत खाणारा, असे म्हणून ते कूस बदलून झोपले. आख्यायिका खरी असो वा नसो, त्यामागचे तत्त्व क्यूव्हिएंचेच आहे. प्राण्याचे दात, पाय आणि पोट यांचा एकमेकांशी मेळ असतो.

पण निसर्ग आपल्या नियमांना अपवादही ठेवतो, आणि त्यातला एक आपल्या मेळघाटातच राहतो. भेकराच्या नराला डोक्यावर आखूड शिंगे असतात आणि वरच्या जबड्यातून बाहेर डोकावणारे सुळेही. शिंगे आणि सुळे दोन्ही! कॅलेंडरातल्या असुराची सगळी लक्षणे जुळली. रात्री रानात त्याचे भुंकणे ऐकून नवखा माणूस दचकतोच. प्रत्यक्षात हे लाजाळू हरीण पाला आणि फळे खाऊन जगते. ते भुंकते, कारण त्याला स्वतःलाच वाघ-बिबट्याची चाहूल लागलेली असते.

आता दोरीवरचा दुसरा वेताळ. अमेरिकेत ली फाल्क यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘फँटम’ ही चित्रमालिका सुरू केली. मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ती भारतात पुस्तकरूपाने आणली आणि मराठी-हिंदी वाचकांसाठी फँटमचा वेताळ झाला. हे प्रकाशन १९९० पर्यंत चालले. फाल्क यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. १९३९ साली रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. इटलीत तो लाल झाला, तर स्वीडनमध्ये निळा. मुलांना अमानवी वाटणारा रंग छापखान्यातल्या माणसांनी ठरवला होता.

या वेताळाची खरी गंमत त्याच्या गुपितात आहे. तो अमर नाही. बाप मेला की मुलगा तोच पोशाख आणि तोच मुखवटा घालतो. असे एकवीस पिढ्या चालले आहे, म्हणून जंगलातल्या लोकांना तो एकच, न मरणारा वाटतो. भुताची दंतकथा कशी तयार होते आणि कशी टिकवली जाते, हे वाचकाला पहिल्यापासून सांगितलेले असते. गोरा मनुष्य हुशार आणि जंगलातले लोक भाबडे, ही त्या चित्रांतली मांडणी मात्र साम्राज्याच्या काळातली आहे, हेही मुलांना दाखवून द्यायला हवे. भीतीच्या जोरावर राज्य करता येते, हा धडा त्यातच दडलेला आहे.

भयाची चित्रे मुलांच्या हाती द्यावीत का, हा वाद नवा नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःसाठी आचारसंहिता केली आणि चालत्या प्रेतांना, रक्तपिपासू पिशाच्चांना बंदी घातली. १९५५ मध्ये ब्रिटनने कायदा केला. १९५६ मध्ये भारताच्या संसदेनेही तरुणांना हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. प्रामुख्याने चित्रांतून गोष्ट सांगणारी आणि क्रौर्य, गुन्हे किंवा किळसवाणे, भयंकर प्रसंग दाखवून वीस वर्षांखालील मुलामुलींना बिघडवू शकणारी पुस्तके त्याच्या कक्षेत येतात. याच काळात ‘चांदोबा’तले प्रेत घराघरांत बोलू लागले, आणि आईवडील ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवत.

महाराष्ट्रात दुसरा एक कायदा झाला तो २०१३ साली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्टला खून झाल्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे यांबद्दल आहे. हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत. चित्रातल्या भुतापासून मुलांना वाचवण्याची तरतूद आपण १९५६ मध्येच केली. ज्या भुताचे चित्रच नाही त्याच्या नावाने जिवंत माणसाला होणारी मारहाण रोखायला आणखी सत्तावन्न वर्षे लागली. या मारहाणीमागे ‘चांदोबा’ नव्हता. ज्याला आकार नाही आणि ज्याच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, अशी भीती होती.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखले होते. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे असत. नवस, बळी, अंगात येणे यांबद्दल ते समोरच्या माणसांना साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत.

वर्गात करून पाहता येईल असा एक तास इथे सुचवतो. मुलांना आपापल्या गावातले भूत कागदावर काढायला सांगावे. मग प्रत्येक चित्रापुढे विचारावे: हे दात कोणत्या प्राण्याचे? हे खाते काय? पाय उलटे असतील तर सांधे वाकतील कसे? हे पाहिले कोणी, की ऐकले? ऐकले असेल तर कोणाकडून? कोणत्याही मुलाला हसू नये. ‘मला माहीत नाही’ हे उत्तरही फळ्यावर लिहावे. आमचा अनुभव असा की पहिली दहा मिनिटे वर्ग कुजबुजतो आणि तास संपेपर्यंत मुले एकमेकांच्या भुतांचे दात मोजू लागतात.

एका तासाने घरातली आणि गावातली भीती जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण उद्या शेजारच्या अंगणात कोणाला ‘लागीर झाले’ म्हणून बांधून ठेवले, तर त्यातले एखादे मूल पळून न जाता जवळ जाईल आणि विचारेल, एवढी आशा धरायला हरकत नाही.