सिस्टरांचं रजिस्टर आणि टॅब

‘सिस्टरांना कॉम्प्युटर जमत नाही, त्या टाळतात’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. इतिहास बघितला तर ते टिकत नाही. इस्पितळांच्या नोंदी एकसारख्या ठेवाव्यात म्हणून झगडली ती एक नर्सच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत. पण इथल्या लष्करी छावण्यांना त्यांनी छापील प्रश्नावल्या पाठवल्या आणि त्यांची उत्तरं १८६३ च्या अहवालात आली.

आता मुखेडकडे या. खेड्यातल्या आरोग्याची नोंद म्हणजे एएनएम सिस्टरचं रजिस्टर. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, हा निकष. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं सुचवलं, की मलेरिया, देवी, कुटुंबनियोजन अशी वेगवेगळी माणसं नकोत, बहुउद्देशीय कर्मचारी हवेत. माणसं एक झाली, रजिस्टरं मात्र वेगवेगळीच राहिली!

२००८ मध्ये एचएमआयएस पोर्टल आलं. त्यात नुसत्या बेरजा: बाळंतपणं किती, लसी किती. २००९ च्या माता-बालक ट्रॅकिंगनं प्रत्येक गरोदर बाईला नावानिशी क्रमांक दिला. मुखेडसाठी ही मोठी गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर इथल्या तांड्यांवरून, वाड्यांवरून कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. सहाव्या महिन्यातली बाई फडावर बाळंत होते. सिस्टरचं रजिस्टर तिच्यामागे जात नाही. क्रमांक जाऊ शकतो. पण तिनं कार्ड जपलं पाहिजे, तिथल्या सिस्टरनं ते मागितलं पाहिजे, आणि रेंज पाहिजे.

२०१६ मध्ये ‘अनमोल’ ॲप आलं. टॅबवर घरोघरी नोंद करायची, कागद कमी करायचा, असा बेत. कागद काही कमी झाला नाही. दिवसा वहीत लिहायचं, संध्याकाळी तेच टॅबमध्ये भरायचं. साहेब तपासणीला आले की आधी रजिस्टर उघडतात. याला सिस्टर वैतागली, तर तिला तंत्रज्ञानाची भीती वाटते असं म्हणायचं?

१६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, तेव्हाच्या सूचना बघा. कोविनवर नाव पडताळायला एक माणूस, टोचायला दुसरा. तिथं काम वाटून दिलं होतं. उपकेंद्रात सुई आणि टॅब बहुतेक वेळा एकाच बाईच्या हातात असतात.

मागच्या रांगेत काही सिस्टर बसल्यात. ऊसतोडीहून परतलेल्या बाईचं बाळंतपण टॅबमध्ये कसं चढवता, हे आता त्यांनीच सांगावं. माइक तिकडे द्या.