पेशीतली चौपदरी गाठ

आंजर्ल्यासारख्या खाडीकाठच्या गावात दोराची रीत कोणाला सांगायला नको. डीएनए हा दुपदरी पिळाचा दोर आहे, असे १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडले. (रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरणचित्राचा त्यात केवढा वाटा होता, हे पुस्तके बराच काळ विसरली.) ते चित्र इतके देखणे निघाले, की दुसऱ्या आकाराकडे कोणी फारसे पाहीना.

परंतु वेगळी साक्ष त्याहून जुनी होती. १९१० साली इव्हार बँग याला ग्वानिलिक आम्लाचे दाट द्रावण खळीसारखे घट्ट होताना आढळले. त्याचे कारण कळायला १९६२ साल उजाडले. गेलर्ट, लिप्सेट आणि डेव्हिस यांनी दाखवले, की ग्वानीनचे चार रेणू एकमेकांना धरून चौकोन करतात. असे चौकोन एकावर एक बसतात आणि पोटॅशियमचे कण त्यांना आतून सांधून धरतात, हे पुढे कळले. पोटॅशियम तर आपल्या पेशीत मुबलक! तरीही ही परीक्षानळीतली गंमतच मानली गेली. हजेरीपटावर नाव नसलेला माणूसही राबत असतो, हे संघटनेच्या कामात मी रोज पाहतो.

मानवी गुणसूत्रांच्या टोकांशी ग्वानीनची अशी रांग पुन:पुन्हा येते. १९९९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रामकृष्ण होसूर व सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने त्या टोकांचे आखूड तुकडे तपासले, तेव्हा ॲडेनीनचाही चौकोन सापडला.

आता याचा आपल्याशी संबंध काय? प्रत्येक पेशीत जनुके बहुतेक तीच असतात. कोणते चालू, कोणते बंद, यावर ती पेशी यकृताची की मज्जेची हे ठरते. कर्करोगाशी जोडलेल्या ‘मिक’ जनुकाच्या तोंडाशी हर्ली यांच्या चमूला २००२ साली हीच गाठ आढळली. एक अक्षर बदलून ती सैल केली, तेव्हा जनुकाचे काम तिपटीने वाढले. म्हणजे गाठ हे कुलूप होते!

मद्रासला जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन यांच्या केंब्रिजमधील गटाने २०१३ साली मानवी पेशीत या गाठी प्रतिपिंडाने चमकवून दाखवल्या. २०१६ साली त्यांनीच सुमारे १०,००० गाठी मोजल्या, तर त्या बहुतेक चालू जनुकांच्या दारांशी निघाल्या. कुलपे उघड्या दारांना! गाठ आवळणारी औषधे तर कर्करुग्णांवर अजमावून झाली आहेत. जनुक उघडते म्हणून गाठ पडते, की गाठ पडते म्हणून ते उघडे राहते, हा वाद मात्र अजून चालू आहे.