तसबिरीतली बंदूक

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी माजघराच्या दारावर त्याच्या पणजोबांची तसबीर आहे. डोक्यावर फेटा, पायांना गुडघ्यांपर्यंत पट्ट्या, उजव्या हाताशी उभी धरलेली बंदूक, आणि मागे पडद्यावर रंगवलेले कारंजे! ‘बसऱ्याच्या लढाईत होते,’ एवढेच घरच्यांना ठाऊक. दर दिवाळीला काच पुसली जाते, हार चढतो. बंदूक खरोखर पणजोबांचीच की फोटोवाल्याची, हे विचारण्याचे धाडस मात्र मला झाले नाही.

पहिल्या महायुद्धातली हिंदी शिपायांची छायाचित्रे पाहताना हाच प्रश्न मनात येतो. १९१४ च्या सप्टेंबरात आपल्या पलटणी फ्रान्समध्ये मार्सेयच्या बंदरात उतरल्या. तिथे त्यांच्या बंदुका बदलून नव्या ली-एनफील्ड रायफली हाती दिल्या गेल्या. वजन सुमारे नऊ पौंड, पोटात दहा गोळ्या, टोकाला सतरा इंची पात्याची संगीन. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गर्डवुड नावाचा छायाचित्रकार तिथे गेला आणि या शिपायांची पुष्कळ चित्रे त्याने टिपली. त्यांतली हल्ल्याची चित्रे जरा बारकाईने पाहावीत. संगिनी रोखून शिपाई धावत सुटले आहेत, आणि छायाचित्रकार उघड्यावर त्यांच्या आसपास निवांत! गोळ्या सुटत असत्या, तर त्याला तिथे कोण उभे राहू देता? असली दृश्ये आघाडीच्या मागे, मुद्दाम रचून घेतलेली होती. माणसे मात्र रचलेली नव्हती हो. मार्च महिन्यात न्यव्ह शापेलची खरी कत्तल याच सैन्याने भोगली होती.

वर्षअखेर या पायदळाला फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात पाठवले. तिकडे कूत गावी, तैग्रिस नदीच्या वळणात, जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून कोंडली होती. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या आपल्या मराठा पलटणी होत्या. वेढा फोडण्याचे सारे यत्न फसले. आत धान्य आटत गेले. घोडे कापून खाण्याची पाळी आली, तेव्हा धर्म आड आल्याने कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडी लावले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. पुढे हजारो कैदी वाळवंटातल्या वाटचालीत आणि छावण्यांत मेले.

आजारी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटलेल्या एका हिंदी शिपायाचे छायाचित्र लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. उघडे अंग, एकेक बरगडी मोजून घ्यावी अशी. बंदूक नाही, पट्टा नाही. रचायला काही उरलेच नव्हते.

गेल्या दिवाळीत तसबीर पुसायला खाली काढली, तेव्हा मी तिची पाठ पाहिली. पेन्सिलीने ‘११०’ लिहिलेले. घरच्यांना ते चौकटीचे काही माप वाटत होते. मी कूतची हकिकत सांगितली. ऐकून विद्यार्थ्याची आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तरीच! पानात कुणी घास टाकलेला मामंजींना खपत नसे. पोरांचं उष्टं स्वतः खायचे.”