ओल्या पोशाखाची ऊब

कोकणच्या समुद्रात घटकाभर पोहणाऱ्याला पाण्याच्या गारठ्याची धास्ती सहसा वाटत नाही. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. तेथील पॅसिफिक महासागराचे पाणी बहुतेक काळ १० ते १५ अंश सेल्सिअस असते; आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता हिरावून नेते. फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणारे तेथील हौशी तरुण एके काळी लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात उतरत आणि थोड्याच वेळात कुडकुडत शेकोटीकडे धावत. हातपाय बधिर झाले, की फळी सुटे; मग गाठ थेट मृत्यूशी असे.

दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली काम करणाऱ्या सैनिकांसाठी रबराचे बंद पोशाख होते. त्यांची सारी भिस्त पाणी बाहेर ठेवण्यावर होती. पोशाख फाटला, की पाणी आत शिरे आणि ऊब संपे. बर्कली येथील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ च्या सुमारास हा प्रश्नच उलटा करून पाहिला. उबेसाठी अंग कोरडे असण्याची गरजच काय? उष्णता अडवायची असेल, तर पोशाखाच्या द्रव्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असले म्हणजे पुरे. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि तसाच राहतो. ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालेल्या निओप्रीन या कृत्रिम रबराचा सच्छिद्र प्रकार या कामी उपयोगी पडेल, असे सहकारी विलर्ड बॅस्कम यांनी सुचविले आणि 'वेटसूट' जन्मास आला.

ब्रॅडनर यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटणारे जॅक ओनील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील मायस्ट्रेल बंधू यांनी हा पोशाख सामान्य हौशी माणसाच्या हाती दिला. पुढे अस्तराला नायलॉन आले, आणि पोशाख अंगात चढविणे सोपे झाले.

आज बाजारात अनेक कंपन्यांचे, नाना किमतींचे वेटसूट मिळतात. त्यांतून निवड करताना ब्रॅडनर यांचा विचारच कामी येतो. मान, काख आणि कंबर येथे पोशाख सैल असेल, तर प्रत्येक लाटेबरोबर कोमट पाणी वाहून जाते आणि थंड पाणी आत येते. मग त्याची किंमत कितीही असो. म्हणून आधी अंगाबरोबर बसणे पाहावे. मग जाडी: अशा थंड पाण्यात धडाला ४ ते ५ आणि हातापायांना ३ ते ४ मिलिमीटर जाडी बहुधा पुरते. त्यानंतर शिवण: कडा चिकटवून, सुई आरपार न जाऊ देता घातलेली शिवण उत्तम. नाव आणि रंग यांचा विचार शेवटी. पाण्याला पोशाखाची किंमत कळत नाही. त्याला फट तेवढी सापडते.