जगज्जेत्याचं केसिंग

जॅक ब्रॅबहॅम १९५९ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तो एका फ्रेंच घरगुती मोटारीच्या गिअरबॉक्सच्या जिवावर. तरुण पोरांना हे सांगितलं की ती हसतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे लाकडी नमुने, बनवण्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यामुळे त्या वर्षीच्या एंजिनापेक्षा मला त्या पेटीच्या ओतकामातच जास्त रस.

ब्रॅबहॅमची गाडी होती कूपरांची. लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन महायुद्धानंतर ५०० सीसीच्या छोट्या शर्यतीच्या गाड्या बांधायचे. मोटारसायकलचं एंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि तिथून चेन सरळ मागच्या अॅक्सलला. यात थोर विचार वगैरे काही नव्हता. चेन आखूड पडते, एवढाच हिशोब. पण मोठं एंजिन बसवायची वेळ आली तेव्हा चेनचा उपयोग संपला. आता गिअर आणि डिफरन्शिअल एकाच केसिंगमध्ये असलेली पेटी हवी होती. त्या काळी असल्या तयार पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फोक्सवॅगन बीटलची एक, आणि दुसरी १९३४ पासून निघणाऱ्या सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँची. ती गाडी पुढच्या चाकांवर चालायची. कूपरनी सित्रोएनची पेटी उचलली आणि उलट तोंडाने गाडीच्या मागच्या बाजूला बसवली.

मूळच्या पेटीत तीनच गिअर. पॅरिसची एर्सा नावाची कंपनी तिच्यासाठी चार गिअरचा संच बनवायची, तो कूपरच्या गाडीत आला. इथपर्यंत ठीक. पण ट्रॅक्शन आव्हाँचं १९११ सीसीचं एंजिन ५० अश्वशक्तीच्या आसपासचं. कूपरच्या गाडीत कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं एफपीएफ एंजिन आलं, तेच मुळी दीड लिटरमध्ये १४० च्या घरात होतं. १९५९ मध्ये अडीच लिटरचं झालं तेव्हा २४० च्या आसपास. आणि चालवणारा ब्रॅबहॅम! हा ऑस्ट्रेलियात मातीच्या ट्रॅकवर तयार झालेला गडी, गाडीची शेपूट बाहेर फेकत वळणं घेणारा.

अशा वेळी पेटी कशी मरते, ते नीट समजून घ्यायला हवं. डिफरन्शिअलमधला छोटा गिअर, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राउन व्हीलला नुसता फिरवत नाही, त्याला बाजूला ढकलतोही. जोर वाढला की ढकलणंही वाढतं. केसिंगची भिंत पातळ असेल तर ती लवते, बेअरिंगची बैठक केसभर सरकते, आणि दात मधोमध भिडायचे ते कडेला भिडू लागतात. कडेवर सगळा भार आला की टवका उडतो. मेकॅनिक तुटलेला दात हातात घेऊन गिअरच्या पोलादाला शिव्या घालतो, हीट ट्रीटमेंटवाल्याला घालतो. दाताचा गुन्हा काहीच नसतो; तो ज्या घरात राहतो ते घर ढिलं असतं. केसिंगला तडा जातो तो पुष्कळदा नंतर, लवून लवून थकल्यावर.

यावर गॅरेजवाल्यांचा आवडता उपाय म्हणजे बाहेरून पट्ट्या वेल्ड करणं. मला तो कधीच पटला नाही. मशीनिंग झालेल्या केसिंगला वेल्डिंगची धग दिली की ते वाकडं होतं. बेअरिंगची भोकं पुन्हा बोअर करून एका रेषेत आणली नाहीत तर दुखणं होतं तिथेच राहतं. दुसरा उपाय, सगळी भिंत जाड करणं. हा आळशी माणसाचा उपाय. वजन वाढतं, आणि जाड जागी धातू उशिरा गोठतो, म्हणून आत श्रिंकेजची पोकळी राहते. वरून भक्कम दिसणारं कास्टिंग कापून पाहिलं की आत स्पंज!

खरा उपाय रिबचा, म्हणजे भिंतीवर उभ्या ओतलेल्या पट्टीचा. पट्टीची जाडी दुप्पट केली तर वाकण्याला तिचा विरोध दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर तो आठपट होतो. म्हणून रिब पातळ आणि उंच हवी, बेअरिंगच्या बैठकीपासून निघून जोर जिकडे जातो तिकडे गेलेली. भिंतीपेक्षा थोडी बारीकच, मुळाशी गोलाई, आणि वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून दोन्ही अंगांना उतार. पॅटर्नवर हे काम लाकडाच्या चार पट्ट्यांचं. नवं मशीन लागत नाही, नवा गिअर लागत नाही.

ब्रॅबहॅमने नेमकं हेच केलं. तो स्वतः पॅरिसला एर्साच्या फौंड्रीत गेला आणि केसिंगला जादा रिब ओतून घेतल्या. मला याचं नवल वाटत नाही. हवाई दलात तो विमानांचा मेकॅनिक होता, पुढे सिडनीत त्याने स्वतःचं छोटं मशीन शॉप चालवलं. केसिंग लवतंय हे ज्याला कळतं, तो चिठ्ठी पाठवत नाही, पॅटर्नपाशी जाऊन उभा राहतो. आजच्या एखाद्या जगज्जेत्याला फौंड्रीचा दरवाजा तरी माहीत असेल का, शंका आहे.

त्याच मोसमात ब्रॅबहॅमचा प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस रॉब वॉकरच्या खासगी संघाच्या कूपरमध्ये बसत होता. त्या गाडीला मोदेनाच्या व्हालेरियो कोलोत्तीची पाच गिअरची पेटी होती, खास शर्यतीसाठी आखलेली. पोर्तुगाल आणि इटली मॉसने तिच्यावरच जिंकलं, हे मान्य करायला हवं. पण मोनॅकोला तो आघाडीवर असताना ट्रान्समिशन गेलं, आणि १२ डिसेंबरला सेब्रिंगच्या शेवटच्या शर्यतीत पाच फेऱ्यांतच पेटीने मान टाकली. ब्रॅबहॅमचं पेट्रोल शेवटच्या फेरीत संपलं, त्याने गाडी ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि विजेतेपद घेतलं. शर्यत जिंकली त्याच्याच संघातल्या २२ वर्षांच्या ब्रूस मॅक्लॅरेनने.

मात्र रिबनाही मर्यादा असते. आतल्या शाफ्टमधलं अंतर मूळच्या आखणीत ठरलेलं. त्याहून रुंद गिअर आत मावत नाहीत, बाहेरून कितीही कसा. कूपरना हे कळलं होतं. १९६० च्या लोलाइन गाडीसाठी त्यांच्या डिझायनर ओवेन मॅडॉकने स्वतःची पाच गिअरची पेटी आखली, आणि ब्रॅबहॅमने त्या वर्षी हॉलंडपासून पोर्तुगालपर्यंत सलग पाच ग्रां प्री जिंकून दुसरं विजेतेपद नेलं.

उरली बीटलची पेटी. ती मेडनहेडच्या माइक ह्यूलंडने घेतली. बीटलमध्ये एंजिन पेटीच्या मागे असतं. शर्यतीच्या गाडीत ते पुढे येतं. पेटी नुसती फिरवून बसवली तर चार गिअर मागे जाण्याचे आणि एकच पुढे जाण्याचा! ह्यूलंडने केसिंग चक्क उताणं केलं, त्यामुळे चाकं पुन्हा सरळ फिरू लागली, आणि आत स्वतःचे पाच गिअर भरले. ते केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. हलकं, पण अॅल्युमिनियमपेक्षा लवचीक. एंजिनं वाढत गेली तसं त्यालाही शेवटी स्वतःचं केसिंग ओतून घ्यावं लागलं.